जस्ताची पकड

उदयपूरहून दक्षिणेकडे चाळीसेक किलोमीटर गेलं की अरवलीच्या डोंगरांत जावर हे गाव लागतं. तिथल्या जुन्या, पडक्या घरांच्या भिंती पाहताना पाऊल थबकतं. त्या दगडाच्या नाहीत आणि विटांच्याही नाहीत. भाजलेल्या मातीची, वांग्याच्या आकाराची भांडी आडवी रचून त्या उभ्या केल्या आहेत. प्रत्येक भांडं एका टोकाला फुगीर, दुसऱ्या टोकाला निमुळतं. आत डोकावलं तर काळपट, खंगरून दगड झालेला गाळ. ही भांडी घर बांधण्यासाठी घडवलेली नव्हती. ती भट्टीत उलटी बसवली जात, त्यांच्या तोंडातून धातूची वाफ खाली उतरे आणि काम झालं की ती बाहेर फेकली जात. गावाभोवती त्यांचे डोंगर साचले, आणि लोकांनी त्यातूनच भिंती उभारल्या.

तो धातू म्हणजे जस्त.

मराठी घराला जस्त ठाऊक आहे ते बादलीमुळे, पत्र्यामुळे आणि तांब्यात मिसळून होणाऱ्या पितळेमुळे. माणसाच्या शरीरातही ते असतं, पण सगळं मिळून दोन-तीन ग्रॅम. त्यातला एक अगदी बारीक वाटा जठरामागच्या स्वादुपिंडात असतो आणि इन्सुलिनची साठवण त्याच्यावर चालते. मधुमेहाच्या इतिहासात जस्त आधी वैद्याच्या खलात आलं, मग औषधाच्या बाटलीत आणि शेवटी जनुकांच्या अभ्यासात. या तीन गोष्टी एरवी वेगवेगळ्या सांगितल्या जातात. पण तिन्हींत अडचण एकच होती: निसटून जाणारी वस्तू धरून कशी ठेवायची आणि हवी तेव्हा सोडायची कशी.

जावरच्या कारागिरांपुढे निसटत होतं ते जस्तच. तांबं किंवा शिसं खनिजातून सुटलं की भट्टीच्या तळाशी जमतं. जस्ताचं तसं नाही. कोळशाबरोबर तापवलेलं खनिज धातू सोडतं ते हजार अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि जस्त उकळतं ९०७ अंशांनाच. म्हणजे हा धातू जन्मतो तोच वाफ होऊन. त्या वाफेला हवा लागली की तिचा पांढरा धूर होतो आणि हाती काहीच उरत नाही. म्हणूनच पितळ हजारो वर्षं वापरात असूनही निव्वळ जस्त वेगळं काढणं फार थोड्यांना जमलं.

जावरच्या लोकांनी भांडं उलटं केलं. भाजलेलं खनिज, डोलोमाइट, कोळशासारखा जळणारा पदार्थ आणि मीठ यांचे गोळे करून ते वांग्याच्या आकाराच्या मुशीत भरायचे. मुशीला निमुळती नळी जोडायची आणि नळीत एक काडी खोचायची. मूस उलटी केली तरी काडीमुळे गोळे खाली घसरत नसत. भट्टी तापली की काडी जळून जाई आणि तिच्या जागी वाफेला वाट मिळे. भट्टीचे दोन कप्पे असत, मध्ये भोकं पाडलेली मातीची फरशी. वरच्या कप्प्यात आग आणि मुशी, खालच्या कप्प्यात गारवा. नळीतून उतरलेली वाफ हवा लागण्याआधी थंड होऊन खाली ठेवलेल्या भांड्यात जमे. एका भट्टीत सहा-सहाच्या सहा रांगा, म्हणजे ३६ मुशी, आणि अशा सात भट्ट्या शेजारी शेजारी.

१९८३ साली ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून इथं उत्खनन केलं. पॉल क्रॅडॉक आणि के. टी. एम. हेगडे यांच्या चमूला भट्ट्या जागच्या जागी सापडल्या, काही तर मुशींसकट. जुन्या खाणींतल्या लाकडी टेकूंचं वय दोन हजार वर्षांहून अधिक निघालं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचं पेटंट घेतलं ते १७३८ साली, आणि त्याच्याही भट्टीत वाफ खालच्याच दिशेने उतरत होती. त्याच्या कितीतरी पिढ्या आधी जावरला हे काम कारखान्याच्या प्रमाणावर चालू होतं. १९८८ साली अमेरिकेतल्या एएसएम इंटरनॅशनल या धातुतज्ज्ञांच्या संस्थेने जावरला ऐतिहासिक स्थळाचा मान दिला.

उत्खननात जे सापडलं, ते एका संस्कृत ग्रंथात आधीच लिहिलेलं होतं. साधारण तेराव्या शतकातल्या ‘रसरत्नसमुच्चय’ ग्रंथात ‘वृंताक मूषा’ वर्णिली आहे. वृंताक म्हणजे वांगं. तिची नळी बारा अंगुळं असावी, वरचं टोक धोत्र्याच्या फुलासारखं पसरट असावं, अशी मापं ग्रंथ देतो. खनिज तापताना ज्वाळेच्या निळ्या-पांढऱ्या रंगाकडे लक्ष ठेवावं, वेळ आली की मूस चिमट्याने धरून उलटी करावी आणि कथलासारखं चकचकणारं सत्त्व जमिनीवर घ्यावं, असंही सांगतो. भट्टीजवळ उभं राहिल्याशिवाय ज्वाळेचा रंग असा टिपता येत नाही. पुण्याच्या आनंदाश्रमाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा ग्रंथ छापला, आणि महाराष्ट्रातल्या वैद्यांना तो हातात धरून वाचता येऊ लागला.

हा ग्रंथ मुळात औषधांचा आहे. धातू काढायचा तो खलात घालण्यासाठी. जस्ताच्या खनिजाला त्यात ‘रसक’ म्हटलं आहे. मराठीत त्यालाच कलखापरी म्हणत. रसकाच्या गुणांत पहिल्यांदा येतो तो ‘मेह’, म्हणजेच प्रमेह: सर्व प्रकारच्या मेहांवर रसक चालतं, असा ग्रंथाचा दावा आहे. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’त भावमिश्राने यशद, म्हणजे धातुरूप जस्त, डोळ्यांना हितकर मानलं आणि मेह, पांडुरोग व श्वास यांवर सांगितलं. मराठीतलं ‘जस्त’ याच शब्दकुळातलं.

इथं घाई करून चालणार नाही. चरक-सुश्रुतांनी प्रमेहाचे वीस प्रकार मानले आणि मधुमेह हा त्यांतला एक. लघवीला गोडी येते आणि तिला मुंग्या लागतात, ही खूण त्यांनी नोंदवली होती. पण प्रमेह या शब्दाखाली लघवीचे आणखी कितीतरी विकार येत. त्यामुळे ‘मेहावर जस्त’ याचा अर्थ ‘मधुमेहावर जस्त’ असा सरळ लावता येत नाही, आणि त्या वैद्यांना स्वादुपिंडाचं काम कळलं होतं असंही म्हणता येत नाही. त्यांच्या नोंदीचं मोल वेगळं आहे. एखादा धातू शोधून, शुद्ध करून, रोग्याला देऊन त्याचे गुण लिहून ठेवायचे, ही शिस्त त्यांनी शतकानुशतकं पाळली.

त्या शिस्तीतली एक पायरी जवळून पाहण्यासारखी आहे. यशदाच्या शोधनात, म्हणजे शुद्धीकरणात, जस्त लोखंडी पळीत वितळवायचं आणि गरम असतानाच तिळाच्या तेलात ओतायचं. मग पुन्हा वितळवून ताकात, गोमूत्रात, कांजीत, कुळथाच्या काढ्यात. प्रत्येकात सात-सात वेळा. तप्त धातू पातळ पदार्थात पडला की स्फोट झाल्यासारखा उडतो आणि डोळे जाऊ शकतात. म्हणून भांड्यावर मध्ये भोक पाडलेलं जड झाकण ठेवतात आणि त्या भोकातूनच धातू आत सोडतात. या रचनेला ‘पिठर यंत्र’ म्हणतात. पुढे मारण करून, म्हणजे धातू भाजून, जे भस्म होतं त्याची परीक्षा बोटांवर घ्यायची: चिमटीत घासलं की ते बोटांच्या रेषांत शिरलं पाहिजे, आणि स्थिर पाण्यावर टाकलं की तरंगलं पाहिजे. आजच्या रसायनशास्त्राच्या भाषेत हे भस्म मुख्यतः झिंक ऑक्साइड असतं.

हेही सांगितलंच पाहिजे की प्रमेहासाठी दिल्या जाणाऱ्या ‘त्रिवंग’ भस्मात जस्त आणि कथलाबरोबर शिसंही असतं. नीट न बनवलेल्या भस्मांतून शिशाची विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. कुणाच्या सांगण्यावरून घेऊन पाहण्याचं हे औषध नव्हे.

जावरची भट्टी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी थंडावली. दुष्काळांनी आणि लढायांनी मेवाड खिळखिळं झालं होतं. भट्ट्यांभोवती झुडपं माजली. जस्त आणि मधुमेह यांची पुढची गाठ पडली ती पार वेगळ्या मुलखात, कॅनडातल्या टोरांटो शहरात.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. अर्क अशुद्ध होता, गुण आला नाही. जेम्स कॉलिप यांनी तो आणखी शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शनं सुरू झाली. मुलाची साखर उतरली, तो सावरला. या अर्काच्या, म्हणजे इन्सुलिनच्या, शोधासाठी फ्रेडरिक बँटिंग आणि जॉन मॅक्लिओड यांना पुढच्याच वर्षी, १९२३ साली, नोबेल मिळालं. ज्या मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस जगवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती काही नव्हतं, ती मुलं शाळेत जाऊ लागली.

पण इन्सुलिन टिकत नव्हतं. टोचलं की लगेच रक्तात शिरायचं, काम करायचं आणि काही तासांत संपायचं. दिवसातून तीन-चार सुया आणि मध्यरात्री गजर लावून उठणं घरोघरी आलं. आया अंधारात स्टोव्ह पेटवून काचेची सिरिंज उकळत. रात्रीची सुई चुकली की सकाळी साखर चढलेली असे, आणि मात्रा जास्त झाली की झोपेतच घाम फुटून शुद्ध हरपण्याची भीती. औषध मिळालं होतं, आता ते धरून ठेवायला हवं होतं.

त्याची किल्ली स्फटिकांत सापडली. १९२६ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन जेकब एबल यांनी इन्सुलिनचे स्फटिक मिळवले. हा मोठा शोध होता, पण इतरांना ते स्फटिक भरवशाने जमेनात. टोरांटोच्या कॉनॉट प्रयोगशाळेत डेव्हिड स्कॉट यांनी या अडचणीचा पिच्छा पुरवला. स्फटिक जाळले की मागे थोडी राख उरते. त्या राखेत काय आहे हे त्यांनी तपासलं, तर त्यात जस्त निघालं. १९३४ साली त्यांनी दाखवून दिलं की इन्सुलिनच्या द्रावणात थोडं जस्त घातलं तर स्फटिक हमखास पडतात. कॅडमियम, कोबाल्ट आणि निकेल यांनीही ते पडतात, पण स्वादुपिंडात मुळातच भरपूर असलेला धातू जस्तच होता. स्फटिकांत त्याचं प्रमाण होतं अवघं अर्धा टक्का.

त्याच सुमारास कोपनहेगनजवळ हान्स क्रिश्चन हागेडॉर्न दुसऱ्या वाटेने निघाले होते. इन्सुलिन लवकर संपतं ते सहज विरघळतं म्हणून. तेव्हा ते शरीरात सावकाश विरघळेल असं काहीतरी त्याला चिकटवायचं, हा त्यांचा विचार. त्यांनी ट्राउट माशाच्या वीर्यातून काढलेलं प्रोटामीन हे प्रथिन वापरलं आणि १९३६ साली निष्कर्ष छापले. इन्सुलिनचा असर लांबला. त्याच वर्षी स्कॉट आणि त्यांचे सहकारी आल्बर्ट फिशर यांनी प्रोटामीन-इन्सुलिनमध्ये जस्त घातलं. त्यातून तयार झालेलं ‘प्रोटामीन झिंक इन्सुलिन’ चोवीस तासांच्याही पुढे पुरू लागलं. अनेक घरांतला मध्यरात्रीचा गजर बंद झाला.

पुढची पंधरा वर्षं याच वाटेवर गेली. १९४६ साली हागेडॉर्न यांच्या संस्थेत प्रोटामीन आणि इन्सुलिन यांचं मोजून-मापून मिश्रण करण्यात आलं. दोन्हींपैकी काहीच शिल्लक उरू नये इतकं ते नेमकं होतं, आणि स्फटिक पडण्यासाठी सोबत जस्त होतंच. हेच ‘एनपीएच’, त्यातल्या ‘एच’मध्ये हागेडॉर्न यांचं नाव आजही आहे. त्यांच्या प्रतिस्पर्धी नोवो कंपनीत क्नुड हालास-मोलर यांनी १९५२च्या सुमारास प्रोटामीन अजिबात न वापरता फक्त जस्ताच्या जोरावर ‘लेन्टे’ इन्सुलिन तयार केलं. स्फटिक मोठे की लहान, घट्ट की विस्कळीत, यावर औषध किती तास पुरेल हे ठरवता येऊ लागलं.

याच काळात स्कॉट आणि फिशर यांनी आणखी एक गोष्ट तपासली. १९३८ साली त्यांनी मधुमेहाने गेलेल्या आणि इतर कारणांनी गेलेल्या माणसांच्या स्वादुपिंडांची तुलना छापली. मधुमेहींच्या स्वादुपिंडात जस्त जवळजवळ निम्मंच होतं. जस्त कमी म्हणून रोग झाला, की रोगाने इन्सुलिनचा साठा घटला म्हणून त्याला धरून असलेलं जस्तही घटलं? या प्रश्नाने पुढच्या संशोधकांना दीर्घकाळ गुंतवून ठेवलं.

इन्सुलिन आणि जस्त एकमेकांना नेमकं कसं धरतात हे डोळ्यांना दिसायला मात्र १९६९ साल उजाडावं लागलं. ऑक्सफर्डमध्ये डोरोथी हॉजकिन यांच्या हाती इन्सुलिनचे बारीक स्फटिक आले तेव्हा त्या पंचविशीत होत्या. स्कॉट यांच्याच जस्ताच्या रीतीने त्यांनी ते मोठे वाढवले, १९३५ साली क्ष-किरणांखाली ठेवले आणि रात्री उशिरा छायाचित्र धुतलं. ठिपक्यांची नक्षी उमटली होती. त्या आनंदात त्या रात्री ऑक्सफर्डच्या रस्त्यांवरून भटकत राहिल्या. त्या नक्षीवरून रेणूचा आकार काढायला पुढची ३४ वर्षं लागली. मधल्या काळात त्यांनी पेनिसिलिन आणि बी-१२ जीवनसत्त्व यांच्या रचना उलगडल्या, १९६४ साली त्यांना नोबेल मिळालं, संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली. इन्सुलिन त्यांनी सोडलं नाही. शेवटी ज्या तरुणांच्या साथीने हे काम तडीस गेलं त्यांत गाय डॉडसन आणि टॉम ब्लंडेल यांच्याबरोबर केरळात जन्मलेले एम. विजयन होते. त्यांनी पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राची परंपराच उभी केली.

चित्र स्पष्ट झालं ते असं. इन्सुलिनचे सहा रेणू एकत्र येऊन एक कडं करतात आणि कड्याच्या मधोमध जस्ताचे दोन अणू बसतात. सहाही रेणूंचा एकेक हात, हिस्टिडीन नावाचा, जस्ताला धरून असतो. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत अशी असंख्य कडी इवल्या पिशव्यांत गच्च भरलेली असतात. जेवण झालं, रक्तात साखर वाढली की पिशवीचं तोंड उघडतं. आत आम्लता असते, बाहेर रक्तात ती नसते. तिथे पकड सैल होते, कडं तुटतं आणि एकेकटा झालेला रेणू कामाला निघतो. कड्याच्या रूपात इन्सुलिन काहीच करू शकत नाही. ते फक्त टिकून राहतं. प्रयोगशाळेत स्कॉट यांनी जे केलं ते शरीर आधीपासूनच करत होतं.

बीटा पेशींतलं हे जस्त डोळ्यांनाही दाखवता येतं. डायथायझोन नावाचं रसायन जस्ताला भेटलं की लाल होतं. स्वादुपिंडाच्या पेशींचं रोपण करणाऱ्या प्रयोगशाळांत आजही तेच वापरतात: द्रावणात तरंगणाऱ्या फिकट पेशीसमूहांवर थेंब टाकला की इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची बेटं तेवढी कुंकवाच्या टिकल्यांसारखी लाल होतात आणि बाकीचं ऊतक पांढरंच राहतं.

मग हे जस्त पिशवीच्या आत नेतं कोण? २००४ साली फ्रान्समधल्या ग्रनोब्लच्या संशोधकांनी त्या हमालाचा शोध लावला: झेडएनटी-८ नावाचं प्रथिन, जे जवळजवळ फक्त स्वादुपिंडाच्या या बेटांतच आढळतं. तीनच वर्षांत त्याचं नाव दोन वेगळ्या दिशांनी पुढे आलं. २००७ साली हजारो लोकांच्या जनुकांची चाळणी लावताना टाइप-२ मधुमेहाचा धोका वाढवणारा एक बदल नेमका याच प्रथिनाच्या जनुकात सापडला. त्याच वर्षी असंही दिसलं की टाइप-१ मधुमेहात शरीर ज्या घटकांवर चुकून हल्ला चढवतं, त्यांत झेडएनटी-८ आहे. नव्याने निदान झालेल्या अनेक मुलांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडं असतात, आणि आज ती निदानाची एक खूण म्हणून तपासली जातात.

हमाल बिघडला की मधुमेह, असं समीकरण मांडायला सगळे तयार होते. २०१४ साली सुमारे दीड लाख लोकांच्या अभ्यासाने ते उलटवलं. ज्यांच्यात या जनुकाची एक प्रत पूर्ण निकामी होती, त्यांना टाइप-२ मधुमेह होण्याचा धोका वाढण्याऐवजी सुमारे ६५ टक्के कमी निघाला. पिशवीत जस्त थोडं कमी जाणंच काहींना लाभाचं ठरतं, ते का, यावर अजून काम चालू आहे. स्कॉट आणि फिशर यांच्या १९३८च्या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, एवढं मात्र या आकड्याने पक्कं केलं.

जस्त साठवणीला लागतं, मग ते गोळीतून घेतलं तर साखर उतरेल का? या प्रश्नाकडे वळताना अन्नातल्या जस्ताचा इतिहास आठवावा लागतो. तो घडवणारा माणूस बिहारमधल्या बक्सरचा. डॉ. आनंद प्रसाद यांना १९५८ साली इराणमधल्या शिराझ इथं एकवीस वर्षांचा एक रोगी दिसला, जो दहा वर्षांच्या मुलाएवढा दिसत होता. त्याचं मुख्य अन्न बिनखमिराची पोळी, आणि माती खायची सवय. धान्याच्या कोंड्यातलं फायटेट जस्ताला आतड्यातच बांधून ठेवतं आणि शरीरापर्यंत पोहोचू देत नाही. प्रसाद यांनी पुढे इजिप्तमध्ये अभ्यास करून माणसात जस्ताची कमतरता होते हे सिद्ध केलं. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेच्या पाण्याबरोबर आज अंगणवाडीतून जस्ताच्या गोळ्या मिळतात, त्यामागे याच कामाचा पाया आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ साली ती शिफारस केली.

भाकरी-पोळीवर जगणाऱ्या महाराष्ट्राला यात आपलं ताट दिसायला हवं. मटकीला मोड आणणं, नाचणीची आंबील रात्रभर आंबवणं, इडली-डोशाचं पीठ फुगू देणं या रीतींनी फायटेट घटतं आणि जस्त मोकळं होतं. आपल्याकडच्या धान्यप्रधान जेवणाचा विचार करूनच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली प्रौढ पुरुषाची जस्ताची रोजची गरज १७ मिलिग्रॅम धरली, अमेरिकेतल्या ११ मिलिग्रॅमच्या मानाने बरीच जास्त.

मधुमेहात लघवीवाटे जस्त जास्त जातं, हेही खरं आहे. म्हणून रोग्याच्या आहारात ते पुरेसं हवं. पण पुरेसं असणं आणि औषध म्हणून वरून घेणं यांत फरक आहे. टाइप-२ मधुमेह टाळण्यासाठी जस्ताच्या गोळ्या उपयोगी पडतात का, याचा २०१५ साली वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या परीक्षणाने धांडोळा घेतला तेव्हा तसा पुरावा मिळाला नाही. उलट जस्त फार झालं तर शरीरातलं तांबं घटतं.

क्रोमियमची कहाणीही अशीच चढली आणि उतरली. १९५९ साली क्लाउस श्वार्ट्झ आणि वॉल्टर मेर्ट्झ यांनी उंदरांची बिघडलेली साखर क्रोमियमने सुधारल्याचं सांगितलं. १९७७ साली टोरांटोतच डॉ. जीजीभॉय यांच्या चमूने एका स्त्रीची हकिकत छापली. ती स्त्री वर्षानुवर्षं शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या आहारावर जगत होती. तिचं वजन घटू लागलं, पायांच्या नसा दुखावल्या, साखर वाढली आणि इन्सुलिनही पुरेना. आहारात क्रोमियम घातल्यावर तिची प्रकृती सुधारली. एका रोग्याच्या या अनुभवावर पुढे जगभर गोळ्यांचा बाजार उभा राहिला. २०१४ साली युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मात्र क्रोमियम शरीराला अत्यावश्यक असल्याचा खात्रीचा पुरावा नाही, असा निर्वाळा दिला.

सूक्ष्म धातूंच्या या इतिहासातलं एक पान पुण्याने लिहिलं आहे. हॉजकिन यांनी उलगडलेल्या बी-१२च्या गाभ्यात कोबाल्टचा एकच अणू असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा करत आले आहेत. गरोदरपणात निम्म्याहून अधिक आयांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. हे निष्कर्ष २००८ साली छापून आले. शेतात राबणाऱ्या, दूध-दही जेमतेम मिळणाऱ्या बायकांच्या ताटाचा आणि त्यांच्या लेकरांच्या पुढल्या मधुमेहाचा धागा तिथे दिसला. तो धागा महाराष्ट्राने सोडू नये.

आज इन्सुलिन महाराष्ट्रातही बनतं. मुंबईच्या वोकहार्ट कंपनीने २००३ साली ‘वोसुलिन’ हे मानवी इन्सुलिन बाजारात आणलं, त्याचं उत्पादन औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला सुरू झालं. नव्या पिढीतली इन्सुलिनं प्रयोगशाळेत रेणूच बदलून तयार केली जातात. जेवणाआधी घ्यायच्या इन्सुलिनमध्ये कडं लवकर तुटावं म्हणून रेणूचा आकार किंचित बदललेला असतो, आणि दिवसभर पुरणाऱ्या ग्लार्जिनमध्ये आजही मोजून जस्त घातलेलं असतं.

एनपीएचची बाटलीही अजून सरकारी दवाखान्यातून आणि गल्लीतल्या औषधाच्या दुकानातून घरोघरी जाते. दहा मिलिलिटरची, मिलिलिटरला चाळीस युनिटवाली. फ्रीजच्या दारातून काढली की वर स्वच्छ पाणी आणि तळाशी पांढरा थर दिसतो. तो थर म्हणजे इन्सुलिन, प्रोटामीन आणि जस्त यांचे स्फटिक. बाटली जोरात हलवायची नाही, फेस येतो आणि मात्रा चुकते. दोन्ही तळव्यांमध्ये धरून ती वाती वळाव्यात तशी दहा-वीस वेळा सावकाश फिरवायची. थर उठतो, पाणी दुधासारखं होतं. मग लाल झाकणाच्या सिरिंजमध्ये तेवढे युनिट ओढून पोटाच्या चामडीखाली सुई जाते. आजी पांघरूण ओढून झोपते आणि चामडीखाली एकेक स्फटिक विरघळत जातो. पहाटे नातवंडं उठेपर्यंत त्यातून इन्सुलिन थोडं थोडं सुटत राहतं.